पहिला पेशंट कोण?

ताई आमच्या कंपनीत आल्या त्या भांडून. म्हणजे भांडण आधी झालं आणि नोकरी नंतर लागली.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पेशंटच्या वेळा ठरवायच्या, आदल्या दिवशी त्याला आठवणीचा मेसेज पाठवायचा, मागच्या खेपेला काय झालं होतं ते एका जागी ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पहिला महिना फुकट, मग दरमहा वर्गणी. आज ऑफिसात चाळीस माणसं आहेत. तेव्हा सात होती आणि हेल्पलाइन म्हणजे मी. कोड लिहायचा मीच आणि तो चालत नाही म्हणून बोलणी खायची तीही मीच, असा एकूण कारभार होता.

एका सोमवारी सकाळी फोन आला.

"नमस्कार. मी दाताच्या दवाखान्यातून बोलतेय. तुमची खार जरा बाजूला घ्या."

"काय घेऊ?"

"खार. शेपटीवाली. ती बटणावर बसलीय. 'जतन करा' लिहिलंय, बरोब्बर त्याच्यावर तिची शेपटी येते. दहा मिनिटं झाली मी तिला उठवतेय. ती नुसती डोळे मिचकावते."

ही खार आमच्या डिझायनरची. नवीन माणसाने सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की ती उड्या मारत यायची आणि चौदा पायऱ्यांमध्ये सगळं समजावून सांगायची. डिझायनरला आम्ही नक्षीकार म्हणायचो, कारण त्याला साधी रेघ ओढताच येत नसे. रेघ ओढली की तिला तो एक वळण देई, वळणाला एक फूल काढी. एकट्या शेपटीवर त्याने अकरा दिवस घालवले होते. आमच्या मोठ्या स्क्रीनवर ती शेपटी डौलात कोपऱ्यात उभी राहायची. दवाखान्यातला कॉम्प्युटर जुना, स्क्रीन वीतभर, तिथे ती बटणावर आडवी झाली.

त्या दिवशी त्या बाईंनी मला अकरा वेळा फोन केला. आवाज एकदाही चढवला नाही, हेच जास्त लागलं. पाचव्या फोनला म्हणाल्या, "इथे 'संस्थेचे ध्येय' लिहा म्हणतंय. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दात. तेवढं चालेल का?" चाललं नाही. किमान वीस अक्षरं हवी होती, आणि ती अट मीच घातली होती. आठव्या फोनला म्हणाल्या, "आता खार टाळ्या वाजवतेय. मी काय केलं ते मला कळलं तर मीही वाजवीन."

बारावा फोन साहेबांनी उचलला. आमचे साहेब तसे भले, पण कुणाचंही बोलणं त्यांना दोन मिनिटांच्या वर ऐकवत नसे. त्या दिवशी वीस मिनिटं रिसीव्हर कानाला लावून उभे होते. बाईंनी त्यांना सकाळपासूनचे नऊ दोष ओळीने, वेळेसकट, साक्ष द्यावी तसे सांगितले. शेवटी साहेब म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे येता का कामाला?"

"एक तारखेपासून येईन," त्या म्हणाल्या. "इथल्या पेशंटांना सांगावं लागेल ना आधी."

एकवीस वर्षं ताई त्या काउंटरवर बसल्या होत्या. दातांचे डॉक्टर इतके संतापले, की त्यांनी आमचं सॉफ्टवेअर त्याच आठवड्यात बंद केलं. "सॉफ्टवेअर देतो म्हणाले आणि माणूस घेऊन गेले," असं ते पेशंटचं तोंड उघडं ठेवून सांगायचे म्हणे. ताईंच्या जागी ताईंची भाची बसू लागली आणि दवाखाना पुन्हा जाड वहीवर आला.

आमच्याकडे ताई खिडकीशेजारच्या टेबलावर बसल्या. पन्नाशी उलटलेली, बांधा आडवा, घरून आणलेली उशी खुर्चीत, आणि आवाज असा की पलीकडचा माणूस रडवेला असला तरी निम्मा शांत व्हायचा. कुणी फोनवर आरडाओरडा सुरू केला की त्या म्हणत, "ओरडून घ्या, मी आहे इथेच." मग खरोखर थांबत. ओरडणारा अर्ध्या मिनिटात ओशाळायचा. एरवी मात्र ताईंना बोलायला फार लागे. लिफ्टमध्ये दोन मजले जाईपर्यंत समोरच्याच्या सासरची माहिती त्यांच्याकडे जमा झालेली असे. त्यांचे यजमान बाजाराच्या तोंडाशी एका टपरीत किल्ल्या बनवून देतात. ते मला एकदा म्हणाले, "तुमच्याकडे लागल्यापासून घरी येईतो तिचं बरंचसं बोलून झालेलं असतं. आमच्या घरात पहिल्यांदाच घड्याळाची टिकटिक ऐकू आली."

दोन वर्षं अशी गेली. मग एक दिवस साहेबांनी मीटिंग बोलावली. दर शंभर दवाखान्यांतले बासष्ट दवाखाने पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर बंद करून पळत होते. महिना फुकट असूनही पळत होते. फुकट जेवणावरून लोक पहिल्याच घासाला उठून जातात म्हणजे आपण काय वाढतोय, असा साहेबांचा सवाल होता.

नक्षीकाराचं मत तयार होतं. "टूर रंगत नाही. चौदाच्या अठरा पायऱ्या करू. प्रत्येक पायरीला खारीच्या हातात वेगळी वस्तू देऊ."

विक्रीप्रमुख म्हणून एक गृहस्थ तेव्हा नुकतेच आले होते. नेहमी कडक इस्त्रीत असायचे. ते म्हणाले, "गिऱ्हाईकाची माहितीच आपल्याकडे अपुरी आहे. सुरुवातीलाच आणखी दहा प्रश्न विचारायला हवेत."

मी म्हणालो, मदतपुस्तिका वाढवू. ती तेव्हा एकशेचाळीस पानांची होती आणि माझी तिच्यावर माया होती.

साहेबांनी ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय वाटतं ते सोडा. एकदा बघायला चला. कुणीतरी पहिल्यांदा उघडतंय आणि आपण शेजारी बसलोय, असं आपल्यापैकी कुणी कधी बसलंय का?"

कुणीच बसलं नव्हतं.

"पण ताई," नक्षीकार म्हणाला, "तुम्हाला फोन कोण करतं? ज्यांना समजत नाही ते. ज्यांना समजतं ते कशाला फोन करतील? म्हणून तुम्हाला सगळं जग गोंधळलेलं दिसतं."

"असेल," ताई म्हणाल्या. "मग ज्यांना समजलंय त्यातला एक आणा, त्याच्या शेजारी बसू."

नक्षीकाराने तीन दिवस शोधला. शेवटी त्याने स्वतःच्या बायकोला बसवलं. चौथ्या पायरीला तिने त्याला माहेरच्या माणसांसमोर बोलावं तसं गोड आवाजात विचारलं, "हे तू केलंयस?" पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. पण बघायला यायला तो तयार झाला.

जायचं कुठे? ताईंनी सरळ जुन्या डॉक्टरांना फोन लावला. आम्हाला वाटलं डॉक्टर रिसीव्हर आपटतील. पण भाचीचं अक्षर असं होतं की मागच्याच आठवड्यात साडेदहाला दोन पेशंट एकदम खुर्चीशी येऊन उभे राहिले होते, आणि एकाने दुसऱ्याच्या नावावर आपला दात दाखवून घेतला होता. डॉक्टर टेकीला आले होते. "या," ते म्हणाले. "पण माझ्या दवाखान्यात कुणी शिकवायचं नाही, कुणी हात लावायचा नाही, कुणी एक अक्षर बोलायचं नाही. पेशंटसारखं बाकावर बसायचं. बोललात की प्रयोग संपला, आणि पुन्हा फोन करायचा नाही."

मंगळवारी सकाळी दहाला आम्ही तिघं त्या बाकावर होतो. ताई, नक्षीकार आणि मी. वाटेत ताईंनी नक्षीकाराला बजावून ठेवलं होतं, "हात मांडीखाली घाला. बोट पुढे करायची इच्छा होईल. जीभ टाळूला लावून ठेवा. आज काही झालं तरी तोंड उघडायचं नाही."

"ताई, मी काय लहान आहे का?" तो म्हणाला. "मी एक शब्द बोललो तर खार काढून टाका."

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला बाक, समोर काउंटर, कोपऱ्यात माशांची टाकी, आणि आत डॉक्टरांच्या खोलीचं दार, ते सदा अर्धं उघडं. बाकावर आमच्याशेजारी गाल सुजलेल्या एक बाई आणि कवळी डबीत घालून आणलेले एक आजोबा होते. काउंटरवर भाची. ताईंनी तिला आधी काहीही सांगितलं नव्हतं. तिने कॉम्प्युटर उघडला. खार उड्या मारत आली.

"अय्या," भाची म्हणाली. नक्षीकाराने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

तो विजय सुमारे चाळीस सेकंद टिकला. खार बोलायला लागली तोच टेबलावरचा फोन वाजला. भाचीने फोन घेतला, एकाला गुरुवार दिला, परत स्क्रीनकडे बघितलं तर खार तिसऱ्या पायरीवर पोचली होती. पहिल्या दोन पायऱ्यांत काय सांगितलं ते विचारायची सोय नव्हती. मागे जायचं बटण नक्षीकाराने दिलं नव्हतं, कारण त्याने प्रवासाची लय बिघडते.

चौथी पायरी होती सहकाऱ्यांना आमंत्रण द्यायची. किमान तीन. भाची एकटी होती. तिने डॉक्टरांचा नंबर घातला. मध्ये एक मोकळी जागा सुटली. लगेच लाल चौकट आली: 'अवैध नोंद.' हा मजकूर माझा.

"अवैध?" गाल सुजलेल्या बाई मान लांब करून म्हणाल्या. "कोण अवैध? डॉक्टर?"

आजोबा कवळीशिवायच काहीतरी बोलले. ते डॉक्टरांच्या बाजूचं नसावं. मी टाकीतले मासे मोजू लागलो.

नंबर तिसऱ्या खेपेला बसला. मग तिने आपल्या मावशीचा नंबर घातला, म्हणजे ताईंचा. आणि तिसरा कोण म्हणून टाकी साफ करायला येणाऱ्या काकांचा. आत डॉक्टरांचा मोबाइल किणकिणला. यंत्राची घरघर थांबली. डॉक्टरांचा आवाज आला, "तुमच्या सहकाऱ्याने तुम्हाला एका रोमांचक प्रवासाचे आमंत्रण दिले आहे... अगं, मी खुर्चीतल्या माणसाला असा सोडून कुठे येऊ तुझ्याबरोबर?"

नक्षीकाराचे हात मांडीखाली होते. मांडी हलत होती.

सहाव्या पायरीला 'एक नमुना पेशंट नोंदवा' असं होतं. उद्देश सरावाचा. पण सराव म्हणजे खोटाखोटा, असं तिथे कुठे लिहिलेलं नव्हतं. भाचीने बाकाकडे नजर टाकली. सुजलेल्या बाई आणि आजोबा वहीत होते. आम्ही दोघे नव्हतो. तिने नक्षीकाराला विचारलं, "काका, तुमचं नाव?"

नक्षीकाराने ताईंकडे पाहिलं. ताई माशांकडे बघत होत्या. त्याने भाचीकडे बघून ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

"फारच दुखतंय का?" भाची कळवळून म्हणाली. तिने नावाच्या रकान्यात 'बाकावरचे गृहस्थ' असं लिहिलं, वेळ साडेदहा टाकली आणि जतन केलं. त्या पायरीला शेपटी आडवी आली नाही, हे नशीब की दुर्दैव ते तुम्ही ठरवा. आमच्या सॉफ्टवेअरने त्या दिवशी एवढं एकच काम चोख केलं. आत डॉक्टरांच्या मोबाइलवर नोंद पोचली. साडेदहाला दार पूर्ण उघडलं.

"बाकावरचे गृहस्थ कोण?"

सगळ्यांनी नक्षीकाराकडे बोट दाखवलं. मी नाही दाखवलं, एवढंच.

तो उभा राहिला. हाताने नाही नाही करू लागला. छातीवर बोट ठेवून, मग कॉम्प्युटरकडे बोट करून, मग हवेत खारीच्या उड्या काढून त्याने सगळी हकीकत सांगायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी शांतपणे त्याचा दंड धरला. "घाबरू नका. घाबरून वाचा बसलेले पुष्कळ पेशंट मी पाहिलेत." आणि आत नेलं.

मी ताईंना ढोसलं. ताईंनी फक्त भुवई वर केली. त्यांनाही बोलायचं नव्हतंच. पण त्यांचे खांदे हलत होते.

आतून आवाज आला, "तोंड उघडा." आता त्या माणसाने सकाळपासून तेवढंच करायचं नाही असं ठरवलेलं. पण खुर्ची मागे कलली की भल्याभल्यांचं उघडतं. मग डॉक्टर म्हणाले, "अरेरे. ही दाढ अशी किती दिवस वागवताय? आज भरू, नाहीतर महिन्याभरात काढावी लागेल." इंजेक्शन झालं. यंत्र सुरू झालं.

नक्षीकाराने नंतर सांगितलं, की त्या खुर्चीतून काउंटर सरळ दिसत होतं. दाढ कोरली जात होती तोवर त्याला सातवी ते अकरावी पायरी भाचीच्या पाठीमागून बघावी लागली. मान वळवता येत नव्हती, बोलता येत नव्हतं, डोळे मिटले की डॉक्टर ओरडत, "डोळे उघडे ठेवा, कळू द्या मला." जगातल्या कुठल्याही डिझायनरने आपलं काम इतक्या लक्षपूर्वक बघितलं नसेल. बोधचिन्ह लावा म्हटल्यावर भाचीने काउंटरवरच्या प्लॅस्टिकच्या दाताचा फोटो काढला. तो मोठा झाला म्हणून नाकारला गेला. मग तिने लांबून काढला. मग रंगसंगती निवडा आलं. त्या वेळेला काउंटरपुढे दोन माणसं येऊन उभी होती, फोन वाजत होता, आणि एक मूल टाकीत हात घालत होतं. भाची सत्तावीस रंगांच्या चौकटींकडे बघत होती. अकराव्या पायरीला खारीने टाळ्या वाजवल्या आणि पाटी झळकली, 'छान! आता आपण सुरुवात करू या!'

"आत्ता?" भाची म्हणाली.

तिने कॉम्प्युटर बंद केला. खणातून वही काढली, जिभेला बोट लावून पान उलटलं आणि म्हणाली, "बोला, कोण आधी आलं?"

पाऊण तास झाला होता. एकूण पेशंट नोंदवले एक, तोही आमचाच.

नक्षीकार बाहेर आला तेव्हा त्याचा डावा गाल बधिर होता आणि ओठ एका बाजूला लोंबत होता. रस्त्यावर येताच तो आम्हाला घाईघाईने काहीतरी सांगू लागला. "हाऽऽ... हाहा."

"काय?" मी म्हटलं.

"हाऽऽ हाहा!"

"खायला काही नाही हं," ताई म्हणाल्या. "दोन तास डॉक्टरांनी नको म्हटलंय."

त्याने पाय आपटला, माझ्या खिशातलं पेन ओढलं आणि औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'खार काढा.' त्या अक्षरांना एकही वळण नव्हतं.

पुढचे तीन आठवडे ऑफिसात भांडणं झाली, पण कामाची भांडणं. ताईंची पद्धत एकच. जुन्या टूरमधली एकेक गोष्ट पुढे घ्यायची आणि विचारायचं, "पहिला पेशंट लिहायच्या आधी हे लागतं का?" रंग लागतात का? नाही. फोटो? नाही. सहकारी? दुसरा माणूस येईल तेव्हा. दवाखान्याचं नाव? इथे नक्षीकार म्हणाला, ते तर लागणारच. ताई म्हणाल्या, "ते पेशंटला मेसेज जाताना लागेल. तेव्हा विचारा. तेव्हा त्यालाही कळेल आपण का विचारतोय ते."

विक्रीप्रमुखांनी मात्र 'संस्थेचे ध्येय' सोडायला साफ नकार दिला. गिऱ्हाईकाला समजून घेतल्याशिवाय आपण त्याला विकणार काय, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी आदराने ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आपल्या विक्री विभागाचं ध्येय काय हो? आत्ता एका वाक्यात सांगता? वीस अक्षरं पुरेत." विक्रीप्रमुखांनी टाय सारखा केला. पाणी प्यायले. छताकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "मी तुम्हाला ईमेलने कळवतो." ईमेल काही आला नाही. प्रश्न निघाला.

माझ्या वाट्याला लाल चौकटी आल्या. ताई प्रत्येक मजकूर आपल्या फोनच्या आवाजात मोठ्याने वाचायच्या. माणसाला तोंडावर म्हणताना लाज वाटेल असं काही असलं की खोडायच्या. 'अवैध नोंद' त्यांनी मला माझ्याच तोंडावर तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, "कळलं." आता तिथे 'नंबरात एक आकडा कमी दिसतोय' असं येतं, आणि मोकळी जागा सुटली तर सॉफ्टवेअर मुकाट्याने ती काढून टाकतं. ते मला पहिल्या दिवसापासून करता आलं असतं. तीन ओळींचं काम.

शेवटी उरली एकच स्क्रीन. पांढरी. वर लिहिलेलं, 'पहिला पेशंट कोण, आणि किती वाजता?' खाली दोन रकाने आणि एक बटण. नक्षीकार दोन दिवस तिच्यापुढे बसून होता. त्याला ती उघडी पडल्यासारखी वाटत होती. पण त्याने हात मांडीखाली ठेवले.

ती स्क्रीन घेऊन आम्ही आधी एका जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. तिथे काउंटरवर डॉक्टरीणबाईंचे वडील बसायचे, वय पंच्याहत्तर, चष्मा दोरीला. त्यांनी एका बोटाने सावकाश पेशंटचं नाव लिहिलं, 'राजा'. वेळ लिहिली. बटण दाबलं. सॉफ्टवेअर म्हणालं, आडनाव हवं. आजोबांनी काउंटरवरून वाकून खाली बघितलं. खोक्यात एक कासव होतं. ते बराच वेळ त्या कासवाकडे बघत राहिले. मग कासवाच्या मालकाला म्हणाले, "तुमचंच लावू का?"

मालकाला ते चालणार होतं, पण मी परत येऊन आडनावाची सक्ती काढून टाकली.

मग जुन्या डॉक्टरांकडे. या वेळी नक्षीकार बाहेर, रस्त्यावर उभा राहून काचेतून बघत होता. बाकावर बसायला त्याने नम्र नकार दिला. भाचीच्या एका कानाला फोन होता. तिने दुसऱ्या हाताने फोनवरल्याच बाईंचं नाव आणि वेळ लिहिली, बटण दाबलं, मेसेजसाठी विचारलेला नंबर आणि दवाखान्याचं नाव घातलं, आणि फोन ठेवायच्या आत पलीकडून आवाज आला, "अय्या, मेसेज आलासुद्धा." भाचीने फोन ठेवला आणि कुणी न सांगता दुसरं नाव लिहिलं. मग तिसरं. चौथ्याला तिने वही बाजूला सरकवली.

डॉक्टर आतून आले. स्क्रीनकडे पाहिलं. स्तुती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "शेपूट कुठे गेली?" एवढंच म्हणाले, आणि ताईंकडे न बघता म्हणाले, "एकदा माझा माणूस नेलात. निदान हिला तरी राहू द्या."

त्यानंतरच्या तिमाहीत पहिल्या दिवशी पळणारे बासष्टवरून तेवीसवर आले. साहेबांनी सगळ्या ऑफिसला केक आणला. नक्षीकाराने तो उजव्या बाजूने खाल्ला.

ताईंना मात्र त्या आनंदात काही गोड लागेना. हेल्पलाइनला रोज साठ-सत्तर फोन यायचे ते आठ-दहावर आले. त्या खिडकीशी बसून फोनकडे बघायच्या. मधूनच रिसीव्हर उचलून चालू आहे ना ते बघायच्या. एकदा मी त्यांना एका जुन्या गिऱ्हाइकाला स्वतःहून फोन लावताना पकडलं. "काही अडचण नाही ना?" त्या विचारत होत्या. "नाही? नक्की? एखादी बारीकशी?"

मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी ताईंना बोलावून एक नवं पद दिलं, लांबलचक नावाचं, छापील कार्डासकट. ताईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "छान आहे. पण मी उद्या सकाळी आल्यावर पहिलं काय करायचं?"

याचा विचार कुणी केला नव्हता.

"मग मी सांगते," ताई म्हणाल्या. "आठवड्यातून दोन दिवस मी बाहेर. ज्याने नवीन घेतलंय त्याच्याकडे जाऊन बसणार. उरलेले दिवस तुम्ही माझं ऐकणार." साहेबांनी घड्याळ न बघता हो म्हटलं.

आता त्या तेच करतात. कधी डोळ्यांचा दवाखाना, कधी हाडांचा, कधी नुसतं रक्त तपासायचं केंद्र. काउंटरच्या बाजूला खुर्ची घेऊन हाताची घडी घालून बसतात, आणि ज्या बाईला दोन मजल्यांची लिफ्ट बोलल्याशिवाय चढता येत नसे ती तासभर एक शब्द काढत नाही. सुरुवातीला त्यांना ते इतकं जड गेलं, की घरी गेल्यावर डोकं दुखायचं. मग सवय झाली. नको इतकी झाली.

कारण मागच्या महिन्यात त्यांच्या यजमानांचा मला फोन आला. टपरीतून बोलत होते, मागे किल्लीवर कानस घासल्याचा आवाज होता.

"जरा विचारायचं होतं. हिची तब्येत बरी आहे ना ऑफिसात?"

"उत्तम. का हो?"

"घरी बोलत नाही फारसं. बघत बसते. काल मी चहा करत होतो, तर ही दाराशी उभी. हाताची घडी. मी साखरेचा डबा शोधतोय, दोन डबे उघडले, तिसरा उघडला. हिला ठाऊक आहे साखर कुठे आहे. तीस वर्षं हिनेच ठेवलीय. पण सांगेल तर शपथ! नुसती बघतेय आणि मान हलवतेय. मला हो घाम फुटला. माझं काही चुकतंय का?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. तुमचं काही चुकत नाही, साखरेच्या डब्याचं चुकतंय, असं ताईंचं मत असणार, हेही सांगितलं.

कानस थांबली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आज सकाळी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्यात. मला वाटलं मी आता म्हातारा झालो."

मग कुणी गिऱ्हाईक आलं असावं, कारण त्यांनी घाईने फोन ठेवला.